तेर द'एर्मेस की आंक्र न्वार? ऑफिस आणि औपचारिक पोशाखासाठी दोन वुडी परफ्यूममधली निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी नोकरी, पाचही दिवस फॉर्मल कपडे, बंद वातानुकूलित खोल्यांत बैठका, आणि अधूनमधून संध्याकाळचा एखादा औपचारिक समारंभ. वुडी सुगंध आवडतात, म्हणून दोन नमुने आणलेत: एर्मेसचं 'तेर द'एर्मेस' (ओ द त्वालेत, म्हणजे त्याचा सौम्य तीव्रतेचा प्रकार) आणि लालीकचं 'आंक्र न्वार'. मनापासून दुसरं आवडलंय, पण ऑफिसला पहिलंच बरं असं सगळे सांगतात. तर कुठलं घ्यावं, किती फवारे मारावेत, आणि दोन्ही एकावर एक लावली तर चालतील का?

आधी निकाल सांगते. ऑफिससाठी तेर. पण 'ते सगळ्यांना आवडतं' हे त्याचं कारण नव्हे. ही दोन्ही परफ्यूम ऑफिसात चुकू शकतात, फक्त त्यांच्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत. तेर चुकतं ते मात्रेमुळे. जास्त मारलं की खोलीभर होतं. आंक्र न्वार चुकतं ते स्वभावामुळे. एकच फवारा मारला तरी ते आंक्र न्वारच राहतं, फक्त हळू आवाजात. मात्रा तुमच्या बोटाखाली असते. स्वभाव बदलायला तुमच्याकडे काहीच साधन नाही. गेली बावीस वर्षं मी सुगंधांचं मूल्यमापन करते, आणि कामाच्या जागेसाठी दोन परफ्यूममधून एक निवडायचं असलं की मी आधी हेच पाहते: याचा त्रास झालाच तर तो कमी करण्याची चावी लावणाऱ्याच्या हातात आहे का?

आता या दोघांकडे जरा जवळून पाहू. 'वुडी' या शब्दाने तुमच्यासारखे बरेच जण फसतात. लाकडाचा वास म्हटला की सगळी लाकडं भाऊभाऊ असतील असं वाटतं. पण आंक्र न्वारचा प्राण आहे वाळा, म्हणजे गवताचं मूळ. तिथे खोडाचा संबंधच नाही. आणि तेरमधला जो कोरडा, तासलेल्या लाकडासारखा भाग तुम्हाला जाणवतो, त्यातला मोठा हिस्सा झाडातून येतच नाही, तो प्रयोगशाळेतून येतो. तेव्हा दोन लाकडांची तुलना करतोय असं समजू नका. एका मुळाची आणि एका रेणूची तुलना चालली आहे.

दोन्ही परफ्यूम एकाच वर्षी, २००६ मध्ये आली. तेर परफ्यूमकार ज्याँ-क्लोद एलेना यांनी घडवलं. मोजके घटक घ्यायचे, त्यांच्यामध्ये हवा खेळती ठेवायची, ही त्यांची पद्धत. वर संत्रं आणि ग्रेपफ्रूट, मध्ये मिरी आणि जिरेनियमची पानं, खाली वाळा, सीडरचं लाकूड, पॅचुलीची पानं आणि बेन्झॉइन राळेची किंचित ऊब. 'तेर' म्हणजे माती, जमीन. त्यात गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तसा एक दगडी वास आहे, तो याच मांडणीतून उभा राहतो. फळाची साल आणि दगड या दोन गोष्टी एकत्र कशा बसल्या, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या मांडणीचा कणा आहे 'आयसो ई सुपर' नावाचा कृत्रिम रेणू. १९७० च्या दशकात आयएफएफ या सुगंध बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तो सापडला. तेरमध्ये तो भरपूर आहे. वास सीडरसारखा, मऊ, कापडासारखा. त्याची खोड अशी की तो नाकापुढे येतो, जातो, पुन्हा येतो. त्याच २००६ साली परफ्यूमकार गेझा शोन यांनी 'मोलेक्यूल ०१' हे परफ्यूम या एकाच रेणूवर बेतून बाजारात आणलं. ते लावणाऱ्यांची हमखास तक्रार असते की मला काही येतच नाही, आणि शेजारची व्यक्ती मात्र विचारते, काय छान लावलंय? तेरच्या बाबतीत ऑफिसात हाच सापळा आहे. सकाळी लावलं, तासाभरात स्वतःला येईनासं झालं, उडालं असं वाटून आणखी दोन फवारे मारले. प्रत्यक्षात उडालेलं काहीच नसतं, तुमच्या नाकाने दखल घेणं थांबवलेलं असतं.

हे मी स्वतः केलं आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सादरीकरणाआधी मला असंच 'गेलं' वाटलं, आणि दार उघडून आत जायच्या आधी मी गळ्यावर पुन्हा फवारलं. अर्ध्या तासाने समोरची बाई डोकं धरून बाहेर गेली. त्या दिवसापासून घरातून निघाल्यावर मी परत लावत नाही, आणि बाटली ऑफिसच्या बॅगेत ठेवतच नाही. तुम्हीही ठेवू नका. तेर वापरणार असाल तर हा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

आंक्र न्वार नाताली लोर्सों यांचं. नावाचा अर्थ काळी शाई, आणि बाटलीही काळ्या चौकोनी दौतीसारखी. सुरुवातीला सायप्रस झाडाचा हिरवट, बोचरा गारवा, मग वाळा, आणि तळाशी कस्तुरीच्या जातीचे कृत्रिम सुगंध आणि 'कॅशमेर वुड'. या नावाचं झाड कुठेच नाही. 'कॅशमेरान' नावाच्या कृत्रिम रेणूला दिलेलं ते देखणं नाव आहे. वाळा मात्र खरा, हैतीचा आणि बूर्बोंचा, म्हणजे रेयुनियों बेटाच्या परंपरेतला. हैतीचा वाळा स्वच्छ आणि काहीसा हलका, जावाचा धुरकट, बूर्बोंचा गोलाईदार आणि किंचित गुलाबी छटेचा. आंक्र न्वारमध्ये ही मुळं पावसानंतरच्या जंगलात नेऊन ठेवल्यासारखी वाटतात: ओलं, काळं, शांत, थोडं उदास. माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या सर्वांत प्रामाणिक वाळ्यांपैकी हा एक आहे. समोरच्याला खूश करण्याची धडपड त्यात कुठेच दिसत नाही. तुम्हाला ते जास्त आवडलं, याचं मला नवल वाटत नाही.

पण हाच ओलेपणा बंद खोलीत उलटतो. परफ्यूमची ओळख नसलेल्या माणसाला वाळ्याच्या मुळाचा वास 'सुगंध' म्हणून कळेलच असं नाही. त्याला तो तळघराचा, ओल आलेल्या भिंतीचा, बंद कपाटाचा वाटू शकतो. वातानुकूलित खोलीत असा वास आला की लोक माणसाकडे बघत नाहीत, एसीकडे बघतात. मी अशा एका बैठकीत होते. आंक्र न्वार लावलेला सहकारी बोलत होता आणि दोघे जण खालच्या आवाजात विचारत होते की कुठे पाणी झिरपतंय का. त्याने फार लावलं होतं असंही नव्हतं. मात्रा योग्य होती, जागा चुकली होती. संत्र्याची साल सगळ्यांच्या ओळखीची असते. तेर जास्त झालं तर लोक म्हणतात 'परफ्यूम जास्त झालंय'. आंक्र न्वारबद्दल अनेकांना ते परफ्यूम आहे हेच उमगत नाही.

आता वेळेचा हिशेब. दुकानातल्या कागदी पट्टीवर पहिल्या पाच मिनिटांत जे आवडतं ते ऑफिसात कुणालाच भेटत नाही. लिंबूवर्गीय वासांतला मुख्य रेणू लिमोनीन. त्याचं रेणुभार १३६, हलका, म्हणून तो भराभर उडून जातो. वाळ्यातल्या खुसिमॉलचं रेणुभार २२० आणि आयसो ई सुपरचं २३४. हे जड रेणू तासन्‌तास रेंगाळतात. म्हणजे आठ वाजता लावलेलं तेर दहाच्या बैठकीत संत्र्याचं उरलेलं नसतं. तिथे पोहोचतात मिरी, दगड, कोरडं लाकूड. आणि आंक्र न्वार दहा वाजता जवळपास पूर्ण वाळा झालेलं असतं; सायप्रसचा तरतरीत गारवा, ज्याने सकाळी त्याला थोडं उजळ ठेवलं होतं, तो ओसरलेला असतो. तुमच्या सहकाऱ्यांची गाठ या दहा वाजताच्या परफ्यूमशी पडते. निवड त्याच्यावरून करा.

तेरची बाजू घेताना त्याची एक खोट लपवणं बरं नाही. काही जणांच्या त्वचेवर आणि काही जणांच्या नाकाला त्यातलं ग्रेपफ्रूट घामट लागतं, कांद्यासारखंही. ग्रेपफ्रूटच्या वासाला त्याची धार गंधकयुक्त रेणूंमुळे येते, आणि असे रेणू अगदी कमी प्रमाणातही नाकाला सापडतात. गरमीत, चालून आलेल्या अंगावर, मिरीच्या जोडीने ही धार नकोशी होऊ शकते. तुमच्या बाबतीत तसं होत असेल तर माझा सगळा निकाल फिरतो, आणि तेर तुमच्यासाठी नाही. म्हणून एक चाचणी न चुकता करा: तेर लावून गरम दिवशी वीस मिनिटं चालून या आणि मग घरच्या कुणाला तरी तुमच्या शर्टच्या कॉलरचा वास घ्यायला सांगा. स्वतः घेऊ नका, तोपर्यंत तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं.

दुसऱ्याच्या नाकावर मी इतका भर का देते तेही सांगते. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. ग्राहींच्या या मोठ्या जनुक-कुटुंबाचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ मध्ये नोबेल मिळालं. हा संच माणसागणिक थोडा वेगळा असतो. आयसो ई सुपर काहींना जवळजवळ येतच नाही, कस्तुरीच्या जातीतले काही रेणू काहींना अजिबात येत नाहीत. तुमच्या वाट्याला आलेलं तेर आणि तुमच्या शेजाऱ्याच्या वाट्याला आलेलं तेर ही दोन वेगळी परफ्यूम असू शकतात. ऑफिसचं परफ्यूम एकट्याच्या नाकाने ठरवायचं नाही, ते यासाठी.

फवारे किती? तेरचे दोन. त्याहून जास्त कधीच नाही. लहान खोलीत दिवसभर बैठक असेल तर एक. जागा छातीची, शर्टाच्या आत, कपडे घालायच्या आधी. अंगावरच्या कापडामुळे दरवळ गाळून, सावकाश बाहेर येतो. मनगटावर मारू नका. हस्तांदोलनात ते समोरच्याच्या हाताला लागतं, आणि दुसऱ्याचं परफ्यूम दिवसभर स्वतःच्या हातावर बाळगायला कुणालाच आवडत नाही. गळ्यालाही नको, कारण गळा तुमच्या नाकाच्या सर्वांत जवळ असतो. नाक लवकर सरावतं आणि मघाशी सांगितलेला सापळा आणखी लवकर बसतो. निघायच्या निदान अर्धा तास आधी लावा, म्हणजे सुरुवातीचा तीव्र भाग घरीच संपेल.

डिओडरंट आणि आफ्टरशेव्ह बिनवासाचं घ्या. हे क्षुल्लक वाटतं, पण 'तुझं परफ्यूम उग्र आहे' अशा ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या, त्यांतल्या कितीतरी वेळा खरा गुन्हेगार खालचा स्वस्त डिओडरंट होता. तेरचं कोरडं लाकूड आणि 'समुद्री ताजेपणा' असलेला डिओ यांचं कधीच जमत नाही.

कपड्यांबद्दल. लोकर वास धरून ठेवते, सुती कापड त्या मानाने लवकर सोडतं. कोटावर थेट फवारलंत तर पुढच्या आठवड्यातही तो कोट कालचंच बोलत राहील, आणि त्यावर नवा थर चढत जाईल. रेशमी टायवर तर मुळीच नको, डाग पडतो. फिक्या रंगाच्या शर्टावरही सांभाळा, तेरचा द्रव पाण्यासारखा रंगहीन नाही. आंक्र न्वारबाबत मात्र मी एक अपवाद करते: गडद लोकरी कोटाच्या आतल्या अस्तरावर एक फवारा. कोट उघडला की तेवढाच श्वास येतो. पण ते ऑफिससाठी नाही, त्याकडे येतेच.

एक गोष्ट निर्णयाच्याही आधी तपासा: तुमच्या कामाच्या जागी सुगंधाबाबत काही नियम आहे का, आणि तुमच्या टेबलाजवळ कुणाला दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास आहे का. असेल तर दोन्ही बाटल्या घरी राहू द्या. सौम्य मात्रा, नैसर्गिक घटक, यांतलं काहीही तिथे उपयोगाचं नाही. नैसर्गिक असणं म्हणजे निरुपद्रवी असणं नव्हे. युरोपात परफ्यूमच्या खोक्यावर स्वतंत्रपणे छापावे लागणारे लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल हे संभाव्य ॲलर्जीकारक घटक नैसर्गिक तेलांतही असतातच. मुलाखतीलाही मी काही लावू नका असंच सांगेन.

आता औपचारिक समारंभ. इथे माझं मत ऑफिसपेक्षा बरंच वेगळं आहे. संध्याकाळी, थंड हवेत, मोठ्या दालनात किंवा उघड्यावर, माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी असतात. काळा किंवा गडद निळा सूट, पॉलिश केलेले बूट, कमी प्रकाश. अशा ठिकाणी आंक्र न्वार जे करतं ते तेरला जमत नाही. ते शांत राहतं, फार पसरत नाही, आणि जवळ आलेल्या माणसालाच कळतं. त्याचा उदास काळेपणा गडद कपड्यांवर रुबाबदार दिसतो. हो, दिसतो असंच म्हणेन, कारण चांगलं परफ्यूम कपड्याच्या रंगासारखं वागतं. तेर अशा वेळी जरा दिवसाउजेडी वाटतं, बाही दुमडलेल्या शर्टासारखं. चुकीचं नाही, पण प्रसंगाला अपुरं. समारंभ बसून जेवायचा असेल, खांद्याला खांदा लावून दोन-तीन तास एका टेबलावर, तर मात्र पुन्हा तेर, एक फवारा. ओल्या मुळांचा वास ताटाशेजारी नको.

आधी मी तेर हा निकाल दिला तो या अर्थाने. महिन्यातले वीसेक दिवस ऑफिसचे आहेत आणि समारंभ एखादाच. एकच बाटली घ्यायची तर ती वीस दिवसांची घ्या. पण तुमचं मन आंक्र न्वारवर आहे हे मी विसरलेले नाही. ते सोडून देऊ नका, त्याला त्याची संध्याकाळ द्या. पाच-दहा मिलीची छोटी कुपी त्यासाठी पुष्कळ झाली.

बाटलीच्या आकाराचा हिशेबही करून ठेवा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव येतो. म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत हजारेक फवारे. दिवसाला दोन धरले तर पाचशे दिवस, आणि फक्त कामाचे दिवस मोजले तर जवळपास दोन वर्षं. तेरसारख्या लिंबूवर्गीय सुरुवातीच्या परफ्यूमला उष्णता आणि उजेड सोसत नाही. वरचं संत्रं हळूहळू बिघडतं, आंबूस होतं. म्हणून ५० मिली किंवा त्याहून लहान बाटली घ्या, खोक्यातच ठेवा, आणि न्हाणीघरातल्या फळीवर ठेवू नका.

खरेदीआधी दोन्ही नमुने पुन्हा वापरा, पण एका वेळी एकच. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक असं केलंत तर तासाभरात दोन्हींची सरमिसळ होते आणि नाकाला काही कळेनासं होतं. कॉफीच्या बिया हुंगून नाक 'साफ' होतं म्हणतात. साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत नाही. बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्या. एका कामाच्या दिवशी तेर, दोन दिवस काहीच नाही, मग एका कामाच्या दिवशी आंक्र न्वार. दोन्ही वेळा एक फवारा, त्याच जागी, तशाच कपड्यांत. कुणाला आधी सांगू नका. दुपारनंतर ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका सहकाऱ्याला विचारा, 'आज माझ्या आसपास कसला वास येतोय?' 'आवडला का' असं विचारू नका, त्याचं उत्तर भिडेपोटी 'हो' असंच येतं. 'कसला' विचारलं की माणूस खरं वर्णन करतो. 'साबण', 'लाकूड', 'फळाची साल', 'काही विशेष नाही' ही सगळी चांगली उत्तरं. 'माती', 'ओल', 'जुनं कपाट' ही समारंभापुरती ठीक, ऑफिसला नाहीत. आणि प्रश्नाआधीच त्याने स्वतःहून काही म्हटलं, तर मात्रा जास्त झाली असं समजा, शब्द कौतुकाचे असले तरी.

राहिला तिसरा प्रश्न, दोन्ही एकावर एक लावण्याचा. नको. वाळा दोन्हींत आहे. तेरच्या खाली आंक्र न्वार घातलंत की मुळांचं पारडं जड होतं, वरचं संत्रं दोन तासांत निघून जातं, आणि दुपारी तुमच्या अंगावर फक्त दाट केलेलं आंक्र न्वार उरतं, दुप्पट फवाऱ्यांसकट. पण हा प्रश्न तुम्हाला पडला याचा अर्थ तुम्हाला तेरची स्वच्छता आणि वाळ्याची खोली एकत्र हवी आहे, आणि तशी एक गोष्ट अस्तित्वात आहे. क्रिस्तीन नाजेल यांनी २०१८ मध्ये तेरचीच एक आवृत्ती केली, 'ओ आंतांस वेतिवे'. त्यात संत्र्याची जागा मुख्यतः ग्रेपफ्रूट आणि बर्गमॉट ही लिंबूवर्गीय फळं घेतात, आणि वाळा पुढे येतो, तोही कोरडा, उजळ, ओलाव्याशिवाय. ग्रेपफ्रूट तुमच्या त्वचेवर घामट होत नाही हे चालण्याच्या चाचणीत कळलं असेल, तर याचा एक नमुना मागवा आणि त्यालाही एक कामाचा दिवस द्या, त्याच सहकाऱ्याला तोच प्रश्न विचारून.